तांब्या आणायला म्हैसूरला

लोक म्हैसूरला राजवाडा बघायला जातात आणि येताना चंदनाचा साबण नाहीतर म्हैसूरपाक घेऊन येतात. मी आईचा तांब्या आणायला गेले होते. राजवाडा मी रिक्षातून पाहिला. छान आहे.

तांब्या पितळी. आईच्या लग्नात तिच्या सोलापूरच्या गिरणीतल्या मामानं दिलेला, आणि गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, 'अनसूया हिस मामाकडून'. मी अकरा वर्षांची असताना माझे वडील एकतारी आणि हा तांब्या घेऊन घरातून निघून गेले. आई शेवटपर्यंत म्हणायची, "जायचं तर जावं माणसानं. तांब्या कशाला न्यायचा?" वर्षाकाठी म्हैसूरहून एक कार्ड यायचं, 'मी खुशाल आहे, पोरीला शिकवा.' मग एका वर्षी दुसऱ्याच अक्षरातलं कार्ड आलं, की अप्पा गेले, दरवर्षी त्यांच्या दिवसाला आम्ही जमतो, तुम्ही यावं. आई गेली नाही आणि तिनं मलाही जाऊ दिलं नाही. आता आई नाही. मी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले आहे, गुडघे अजून ऐकतात, आणि ते कार्ड मी टाकलेलं नव्हतं.

वडिलांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं गाव सांगोल्याकडचं, आणि आमची वस्ती गावाबाहेर, जशी तेव्हा आमच्या लोकांची असायची तशीच. बाबांचा गळा असा की गावात भजन असलं म्हणजे त्यांना बोलावणं यायचंच; फक्त बसायचं पाराच्या खाली, मातीत. मी सात वर्षांची असताना एकदा ते असेच गात होते, ऊन रणरणत होतं, म्हणून मी घरून हाच तांब्या भरून घेऊन गेले. नुसतं बाबांना कसं द्यायचं, म्हणून आधी पारावरच्या माणसांपुढे धरला. पहिल्या माणसानं तो काठीनं कलंडवला. पाणी मातीत गेलं. आणि बाबा माझ्यावर ओरडले, "तुला कुणी सांगितलं होतं? घरी जा." त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही. बाबांचं ओरडणं आठवतं, आणि तो राग मी म्हैसूरपर्यंत बरोबर नेला होता.

देवराज मोहल्ला

आगगाडीतल्या प्रवासाचं एवढंच सांगते, की समोरच्या बाईंनी पोळीची गुंडाळी पुढे करता करता विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी गावाचं नाव सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "ते झालं, पण आडनाव?" आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ काय हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत असतं. म्हैसुरात उतरल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत गेले तर तिथे नावांपुढे नुसती इंग्रजी अक्षरं, एक बापाचं, एक गावाचं. आडनाव फारसं दिसेना. मला ते गाव तिथेच आवडून गेलं होतं, पण आवडायचं नाही असं ठरवून मी आले होते.

कार्ड लिहिणारे पांडुरंगराव देवराज मोहल्ल्यात शिंपीकाम करतात. मोठ्या बाजाराच्या मागे, सोनारांच्या गल्लीला लागून दुकान. बाजारात मोगऱ्याच्या माळा कोपरापासून बोटापर्यंत हातावर मोजून विकतात. मी एक माळ घेतली, कुणासाठी ते माझं मलाही माहीत नव्हतं. पांडुरंगराव सत्तरीचे, गळ्यात तुळशीची माळ आणि त्यावरच माप घ्यायची टेप. त्यांचे पूर्वज किती पिढ्यांपूर्वी विठोबाचं नाव घेत इकडे आले ते त्यांनाही ठाऊक नाही. घरात बोलतात मराठीच, पण तिच्यात कानडी असं मिसळलेलं की मी पहिला अर्धा तास नुसती मान हलवत होते. 'आमेले' म्हणजे मग आणि 'अल्वा' म्हणजे 'नाही का', हे मागाहून कळलं.

"बन्नी, बन्नी! तुमी आलं ते बेष झालं, ताई. कूतकोळ्ळी, बसा. स्वल्प काफी घ्या, आमेले बोलू."

आपल्याकडे न विचारता चहा येतो, तिथे न विचारता कॉफी येते, पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून फेसाळलेली. त्यांची नात हेब्बाळच्या मोठ्या कंपनीत कामाला आहे. ती निळ्या बसमधून उतरून आली, मला "नमस्कार आजी" म्हणाली आणि तिचं मराठी तिथे संपलं. मग ती हसली आणि तिनं मला गरम डोसा वाढला, आत लाल चटणी लावलेला. डोसा उत्तम होता हे मान्य करायला मला जड गेलं.

दुकानाच्या पायरीकडे बोट दाखवून पांडुरंगराव म्हणाले, "अप्पा पयले इथं बसले. आमच्या भजनाला बाहेरून साथ दिली त्यांनी. काय गळा, अल्वा! आमच्या वडिलांनी आत बोलावलं. तर अप्पा दारातच उभं राहून म्हणाले, आधी मी कोण ते ऐका, मग बोलवा. सांगितलं. आत एकदम सगळे गप्प. मग अप्पा पायरीवर येऊन बसले, म्हणाले, परवागिल्ला, चालतंय, इथनं बी ऐकू येतंय."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी मी पायरीवर जाऊन बसलो. मी तेव्हा अठरा-एकोणीसचा होतो. आमेले आणखी दोघं. असं करत भजन पायरीवर आलं आणि आत नुसती सतरंजी राहिली."

ही गोष्ट ऐकून मला अभिमान वाटायला हवा होता. पण मी मनात हिशेब करत होते की त्या वर्षी मी सहावीत होते, मला गोवर आला होता आणि बाबा इथे पायरीवर गात होते. भिंतीवर त्यांचा फोटो होता, दाढी पिकलेली, मांडीवर कुणाचं तरी मूल. माझ्याजवळ बाबांचा एकही फोटो नाही. पांडुरंगराव दुसऱ्या दिवसाबद्दल काही सांगत होते, 'होस कै', म्हणजे नवा हात, तो उद्या तुमचा, असं काहीतरी. मी "हो, हो" म्हणत राहिले. माझं सगळं लक्ष त्या मांडीवरच्या मुलाकडे होतं.

आणि सगळे त्यांना अप्पा म्हणत होते. आपल्याकडे अप्पा म्हणजे कुणीही वडीलधारा. कानडीत अप्पा म्हणजे बाप. अख्खं गाव माझ्या बापाला बाप म्हणत होतं, आणि मी ज्या वयात म्हणायचं त्या वयात मला म्हणायला कुणी नव्हतं.

बन्नूरच्या वाटेवर

सकाळच्या बसनं मी आणि पांडुरंगराव बन्नूरकडे निघालो; बाबा पुढे तिकडेच राहायला गेले होते आणि त्यांचा दिवसही तिथेच होतो. शहर संपलं की चामुंडीची टेकडी मागे राहते, आणि मग कालव्याचं पाणी, भात, ऊस, पुन्हा भात. आमच्या माणसांना पाण्याचं कौतुक फार. आमच्याकडे टँकरमागे घागरी घेऊन धावतात आणि इथे म्हशी कालव्यात मानेपर्यंत बुडून रवंथ करत बसल्या होत्या. बाबांनी राहायला गाव निवडलं तेही पाण्याचं. मला म्हशींचासुद्धा हेवा वाटला. हे लिहायला आता लाज वाटते, पण वाटला ते वाटला.

बन्नूरच्या अलीकडे उतरून उसाच्या बांधानं दहा मिनिटं चाललं की 'जागा' येते. मठ नाही, देऊळ नाही, त्याला नावच 'जागा'. कानडीतही जागा, मराठीतही जागा. कौलारू लांब पडवी, पुढे नारळाची चार झाडं, एक नळ. आत मूर्ती नाही. एका कोनाड्यात एकतारी. पायरी मात्र आहे, दुकानाच्या पायरीएवढीच, आणि तिच्यावर कुणी पाय देत नाही, बसतात.

पायरीशी एक पन्नाशीची बाई उभी होती, उंच, काळीसावळी, कपाळावर कुंकू नाही, हातात परात. पांडुरंगराव म्हणाले, ही नागरत्ना, शेवटची सहा वर्षं अप्पांचं सगळं हिनं केलं.

नागरत्नाची जात, गाव, घर यांतलं मला कुणी काहीच सांगितलं नाही. तोच तिथला नेम. कोण कुणाचा, कुठल्या घरचा, हे जागेत विचारायचं नाही आणि आपण होऊन सांगायचंही नाही. जन्मानं मिळालेलं सगळं चपलांबरोबर बाहेर. हा नेम पांडुरंगरावांनी मला बसमध्ये बजावून सांगितला होता. आणि मी काय केलं? पायरीशी पोचल्याबरोबर म्हटलं, "मी अप्पांची मुलगी."

तिनं परात खाली ठेवली. मग तिनं तोंड उघडलं आणि मला धक्काच बसला. "आगं बाय! ये की. आमी समदी त्येंचीच की. कवाधरनं वाट बगत हुतो मी."

कानडी मुलखातल्या या बाईच्या तोंडात आमच्या गावची भाषा होती. मराठी तिनं एकट्या बाबांकडून उचललेलं, त्यामुळे बोलायची पुरुषासारखी: मी आलो, मी गेलो, मी बगत हुतो. तीच हेल काढायची पद्धत, 'आगं बाय' म्हणताना तोच वर जाणारा आवाज. शिकून सवरून, मास्तरीणबाई होऊन मी ती भाषा केव्हाच टाकली होती. माझ्या बापाचा आवाज उसाच्या फडातल्या एका परक्या बाईजवळ शाबूत होता आणि माझ्याजवळ नव्हता. इतका जळफळाट मला आयुष्यात झालेला नाही. जाऊबाईंनी बंगला बांधला तेव्हाही नाही.

मी मोगऱ्याची माळ तिच्या हातात दिली आणि घरात नजर फिरवून तांब्या शोधू लागले.

पंगत

दुपारपर्यंत ऐंशीएक माणसं जमली. म्हैसूरचे शिंपी, बन्नूरचे शेतकरी, त्यांच्याच शेतात राबणाऱ्या केरीतल्या बायका (आपल्याकडे जसा गावाबाहेरचा वाडा तशी तिथे केरी), एक निवृत्त तलाठी, दोन कॉलेजच्या मुली. रागीच्या मुद्द्यांचा डोंगर झाला. रागीचा मुद्दा म्हणजे नाचणीचा गरम गोळा. तो चावायचा नाही, सारात बुडवून गिळायचा. मी भाकरीच्या मुलखातली, मला सकाळी तो चावताना बघून सगळ्या बायका हसल्या होत्या.

केळीची पानं मांडली, सगळे बसले, वाढून झालं, आणि कुणीच जेवेना. ऊन तापलं होतं, पोरं ओठ चाटत होती, तरी कुणी पाण्यालाही हात लावेना. मला वाटलं प्रार्थना असेल. तेवढ्यात नागरत्ना आतून आली, आणि तिच्या हातात तांब्या होता.

मी तो लांबूनच ओळखला. पोटाला डाव्या बाजूला पोचा, तो मीच पाडलेला. चिंचेनं घासून घासून सोन्यासारखा लखलखीत झालेला, काठोकाठ भरलेला. ती सरळ माझ्यासमोर आली, दोन्ही हातांनी तो माझ्या हातात दिला आणि मागे सरली.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काही न मागता, सगळ्यांच्या देखत, मानानं परत दिला! मी बोटानं नाव चाचपलं. 'अन' एवढीच दोन अक्षरं उरली होती, बाकी झिजून गेलेलं. मी दोन पावलं जाऊन आतलं पाणी नारळाच्या मुळाशी ओतलं, पदरानं तांब्या आतून कोरडा केला, आणि माझ्या पिशवीत साडीच्या घडीत नीट ठेवून दिला.

वळून बघते तर पंगत माझ्याकडे बघतेय. एक लहान मुलगी रडायला लागली. एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

पांडुरंगराव लगबगीनं आले. "ताई, ते... ते पाणी वाढायचं असतं. होस कै. सगळ्यात नवा हात जो, त्यानं पाणी दिल्याबिगर इथं कुणी पीत नाही. काल सांगितलं की मी."

मला कळलं, आणि कळल्यावर माणसानं जे करायचं ते मी केलं नाही. मी पिशवी उराशी धरली. "तांब्या माझ्या आईचा आहे. तिचं नाव आहे त्याच्यावर. तुम्हाला बाप मिळाला, भजन मिळालं, सगळं मिळालं. हे तरी मला न्यायचंय."

पांडुरंगराव नागरत्नाकडे बघू लागले. मला वाटलं आता ही भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. मी तयार होते. ती म्हणाली, "न्हेऊ दे की. तिचा हाय तर तिचा. अप्पा म्हनायचं, तांब्या कंचा बी चालतोय, हात नवा पायजे." आणि आतून स्टीलचा जग आणून तिनं माझ्या पायाशी ठेवला.

मी तो उचलला नाही. पिशवी धरून तिथेच खाली बसले. तेव्हा पांडुरंगरावांनी उभं राहून दरवर्षीची गोष्ट सांगायला घेतली. आधी कानडीत, आणि मग माझ्यासाठी मराठीत.

"वर एका गावात अप्पा भजन म्हणत होते. ऊन होतं. घसा सुकला होता. तेवढ्यात एक पोरगी आली, सात वर्षांची. तांब्या भरून पाणी आणलं तिनं. एकट्या अप्पांना नाही, सगळ्यांना द्यायला आणलं. कुणी शिकवलं नव्हतं तिला. एका माणसानं ते पाणी मातीत ओतलं. अप्पा म्हणायचे, तो माणूस आंधळा होता, त्याला सोडा. माझं ऐका. तांब्याच्या तळाला घोटभर पाणी उरलं होतं. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी ते प्यायलो असतो, तर तिचं पाणी पाणी ठरलं असतं. मी भ्यालो. वर बसलेल्यांना भ्यालो. तिलाच दरडावलं आणि घरी लावून दिलं. पाणी त्यानं ओतलं, पण पोरीचा हात मी विटाळला. म्हणून इथं पहिलं पाणी नव्या हाताचं. ओंजळीत वरून ओतायचं नाही, हातातून हातात द्यायचं. आणि कुणी नाही म्हणायचं नाही."

मग तिथल्या रिवाजाप्रमाणे ज्याला वाटेल त्यानं आपलं सांगायचं. तलाठी उठला, म्हणाला, माझी आई दोन वर्षं नुसती बघून परत गेली. पांडुरंगराव स्वतःचं सांगताना अडखळले. "माझे वडील. गळ्यात माळ, रोज हरिपाठ. चार वर्षं इथनं तहानलेले घरी गेले, अल्वा. पाचव्या वर्षी केरीतल्या एका सूनबाईच्या हातचं प्याले आणि पंगतीतच रडले."

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. बघायची गरजही नव्हती. नारळाच्या मुळाशी माती अजून ओली होती, आणि ते पाणी मी ओतलं होतं.

घोटभर उरलं होतं, हे मला आठवत नव्हतं. बाबांना मात्र ते जन्मभर आठवत होतं. मी पिशवी उघडली. साडीची घडी उलगडून तांब्या काढला, नळाखाली धरला. घाईत निम्मं पाणी माझ्याच पायावर सांडलं. पहिलं फुलपात्र रडणाऱ्या मुलीला दिलं. मग ओळीनं. ऐंशी माणसं, तांब्या अकरा वेळा भरावा लागला, आणि गुडघ्यांनी प्रत्येक वेळी तक्रार केली. एकेक जण माझ्या हातातून घेत होता, बोटाला बोट लागत होतं. मी चाळीस वर्षं नोकरी केली. शाळेतल्या माठातलं पाणी मी काढून दिलं की ज्यांना अचानक तहान उरायची नाही, असे सहकारी मी मोजून सांगू शकेन. इथे मोजायला कुणी मिळेना.

सगळ्यात शेवटी नागरत्ना. ती घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता घास उतरंल."

त्या दिवशी मी मुद्दा गिळला. न चावता.

परत

संध्याकाळच्या बसला नागरत्ना बांधापर्यंत आली. तिनं माझ्या पिशवीत नंजनगूडची केळी घातली होती. पिशवीत तांब्या नव्हता. तो मी पायरीवर ठेवून आले होते, आणि ती तो उचलून बरोबर घेऊन आली होती, काखेत धरून, लेकराला धरावं तसा.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ती पोरगी. तुमच्याच गावची न्हवं? फुडं काय झालं तिचं? अप्पा कवा सांगायचं न्हाईत. त्येंला बी ठावं नसंल."

तिला कळलं होतं की नव्हतं, मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, "शिकली. शिक्षिका झाली. मग मुख्याध्यापिका."

"पोरंबाळं?"

"दोन. बरी आहेत."

"अप्पांवर राग हुता का तिचा?"

"होता," मी म्हटलं. "थोडा अजून आहे."

"आसू दे," ती म्हणाली. "रागाला बी मानूस लागतंय." आणि तांब्या माझ्यापुढे धरला. "न्हेतीस?"

मी त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं. आई म्हणाली असती, आण. पण घरी नेऊन मी तो काचेच्या कपाटात ठेवला असता, हे मला पक्कं माहीत होतं. "पुढच्या वर्षी कुणाचा तरी नवा हात येईल," मी म्हटलं. "त्याला लागेल."

बस आली. खिडकीतून पाहिलं तर ती बांधावर उभी होती, काखेत तांब्या आणि डोक्यात माझी मोगऱ्याची माळ. तिचा हेवा गेला, असं मी खोटं लिहिणार नाही. सहा वर्षं तिनं त्यांना भरवलं, त्यांचा आवाज तिच्याजवळ आहे. पण भातं मागे पडली, टेकडी दिसू लागली, आणि माझ्या लक्षात आलं की आता त्याहून जास्त हेवा मला दुसऱ्याच कुणाचा वाटतोय. त्या सात वर्षांच्या पोरीचा. बाबांनी एकतारी आणि तांब्या एवढंच घरातून नेलं, असं आम्ही मायलेकी जन्मभर समजत होतो. ते तिलाही बरोबर घेऊन गेले होते, मरेपर्यंत दरवर्षी तिच्याबद्दल बोलत होते. मागे ठेवली होती ती मला.